आधी अश्रू, मग उपदेश

आज गोकुळाष्टमी. मध्यरात्री घरोघरी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. अशा दिवशी आम्हांस डोळ्यांतील पाण्याच्या बाजूने चार शब्द लिहावेसे वाटतात.

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात, ४६ व ४७ या अध्यायांत, उद्धव व्रजात येतो. तो साक्षात बृहस्पतीचा शिष्य. आम्ही कीर्तनकार बहुधा हा प्रसंग ज्ञानाचा पराभव म्हणून रंगवितो आणि तो रंगतोही. परंतु मूळ ग्रंथ बारकाईने वाचावा. नंद आठवणी सांगता सांगता गहिवरून मूक होतो, यशोदेचे डोळे वाहू लागतात. पुढे एक गोपी भ्रमराशीच बोलू लागते. रुसते, टोचून बोलते, आणि तरीही त्याची कथा सोडवत नाही म्हणते. हा महापंडित सारे ऐकून घेतो आणि मगच श्रीकृष्णाचा निरोप सांगतो की, जो सर्वांच्या अंतर्यामी आहे त्याचा वियोग कसला? त्या निरोपाने गोपींचा विरहताप शमला, असे भागवतकार स्पष्ट सांगतात. म्हणजे ज्ञान हरले नाही. ते आपली पाळी येईपर्यंत थांबले.

आज आपल्या घरांत नेमका हा क्रम उलटला आहे. घरातले माणूस गेले की तेराव्याच्या आतच ‘आत्मा अमर आहे’ असे सांगून आईचे रडणे थांबविले जाते. पुरुषाने तर रडूच नये, असा दंडक. मग तोच पुरुष रात्र रात्र जागून हिशेब मांडीत बसतो: दुसऱ्या वैद्याकडे नेले असते तर? एक दिवस आधी नेले असते तर? न रडलेले दुःख असे विचारांचे रूप घेऊन घरभर हिंडते.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ३३ व्यभिचारी भाव सांगितले. चिंता आणि वितर्क त्यांतलेच. शोकाला मात्र त्यांनी स्थायी भावांत बसविले. वितर्क हा येता-जाता पाहुणा, शोक हा घरधनी. पाहुण्याने घरधन्याला ओसरीवर काढू नये, एवढेच आमचे म्हणणे.

कोणी विचारील, मग भावनेच्या पुरात वाहून जावे काय? मुळीच नाही. विवेक हवाच, पण तो नदीच्या काठासारखा असावा, पाणी अडविणाऱ्या बांधासारखा नव्हे.

उद्धव व्रजात काही महिने राहिला आणि अखेर त्याने काय मागितले? गोपींच्या चरणांची धूळ अंगावर पडावी म्हणून वृंदावनातील एखादे झुडूप, एखादी वेल होण्याचे भाग्य! बृहस्पतीच्या शिष्याची ही विद्या आपणही थोडी शिकावी. आपल्या आळीत ज्या माऊलीची मांडी यंदा रिकामी झाली असेल, तिच्याजवळ आज नुसते बसावे. तिला रडू द्यावे. गीता सांगायला उद्याचा दिवस आहेच.