गुरगुरण्याचा हक्क

कुत्रा ताटावर गुरगुरला की ताट उचला, वर दोन रट्टे द्या, म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं! पेण ते रोहा गाडीत हा सल्ला फुकट मिळतो. पेणात पोह्याचा पापडसुद्धा फुकट मिळत नाही, तेव्हा या सल्ल्याची किंमत वाचकांनीच ठरवावी.

माझं म्हणणं, या सल्लागारांना एक दिवस कॅश काउंटरवर बसवा. नोटांची चळत मोजता मोजता सत्त्याऐंशीवर आलेल्या कॅशियरच्या ढिगाकडे कोणी खिडकीतून हात घालू दे. तो काय ओवी म्हणेल? तोही गुरगुरतोच. पण त्याला 'चावरा' ठरवून कोणी घरी पाठवत नाही. ज्यांचं बालपण रोह्यात गेलं ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ढीग राखणं हा या मातीतलाच गुण म्हणायचा.

आमचा खंडू रोह्याच्या उकिरड्यावरून घरी आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि मोजणं हा तर माझा धंदा. उकिरड्यावर दहा तोंडं आणि एक भाकरी. तिथे जो गुरगुरत नाही तो उपाशी मरतो. आमचा म्हातारा मोती लांब दिसला तरी खंडू ताटावर ताठ होई. झालं! सोसायटीचा निरोप आला, "याला सुधारा, नाहीतर धाटावच्या पुढे सोडून या." जनावर उपाशी मरेल असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी सांगितलं. त्यावर मलाच 'कायदेपंडित' ही पदवी मिळाली.

'मालक कोण' हे खूळ पिंजऱ्यातल्या लांडग्यांवरून निघालं. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि पोरं, असं डेव्हिड मीच या लांडग्यांच्याच अभ्यासकाने १९९९ मध्ये लिहिलं. ते अजून पेणपर्यंत पोचलेलं नाही; गाडी लेट असेल. आणि मारून काय होतं? गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते. मग तो न सांगता चावतो. गुरगुर ही नोटीस आहे हो! नोटीस फाडली म्हणून कर्ज फिटतं का?

नामदेवांच्या गोष्टीत कुत्रा पोळी घेऊन पळाला, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. पोळी हिसकावली नाही, वर तूप दिलं. आम्ही तेच केलं, फक्त धावलो नाही. दोन ताटं, दोन टोकं, मध्ये दार. मोती अंगणाच्या पार पलीकडे, साखळीला. तो दिसला की खंडूपुढे उकडलेल्या कोंबडीचा तुकडा पडायचा. मोती आड गेला की कोंबडी बंद. चार-सहा दिवसांनी मोती एक पाऊल जवळ. खंडू चावायचा थांबला, ताठ झाला किंवा बकाबका गिळू लागला, की मोती दोन पावलं मागे. रागवायचं नाही, घाई नाही, आणि जेवण झालं की रिकामी ताटंसुद्धा उचलून ठेवायची.

यात पाच महिने गेले. आता मोती आठ फुटांवर दिसला की खंडू गुरगुरत नाही, माझ्या खिशाकडे बघतो.

"पण एका ताटात जेवतात का?" सेक्रेटरींनी परवा विचारलं. नाही जेवत, आणि मी जेवू घालणारही नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत बटाटेवडे येतात तेव्हा सेक्रेटरी आणि चेअरमन तरी कुठे एका प्लेटमध्ये खातात?