यात्रा कमिट्यांनो, जुन्या वह्या उघडा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या यात्रा कमिट्यांना, सरपंचांना आणि तमाशाची हजेरी ज्यांनी एकदा तरी पाहिली आहे त्या सर्वांना ही कळकळीची विनंती.

चैत्राच्या यात्रा तोंडावर आल्या आहेत. दसऱ्याला बाहेर पडलेले फड बुद्धपौर्णिमेनंतर बंद होतील आणि कलाकार आपापल्या गावी पांगतील. पावसाळा फडमालकाकडून घेतलेल्या उचलीवर निघतो आणि पुढचा हंगाम ती फेडण्यात जातो. नाचणारी बाई, सोंगाड्या, ढोलकीवाला, कनाती ठोकणारा गडी, यांतल्या बहुतेकांना ना भविष्यनिर्वाह निधी, ना आजारपणाची भरपगारी रजा.

ही माणसे आपली आहेत. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाची. कांताबाई सातारकरही संगमनेरातच स्थायिक झाल्या. 25 मे 2021 रोजी त्या गेल्या, तेव्हा यात्रांचा सलग दुसरा हंगाम करोनाने बुडवला होता. शेजारच्या नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी 2002 साली शेवटच्या आजारपणात उपचारासाठी लोकांच्या मदतीकडे पाहावे लागले. मागे उभ्या राहणाऱ्या सुरत्याचे तर नावही कुणाला ठाऊक नसते.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे. 2024 पासून तिच्यातून दरमहा 5,000 रुपये मिळतात. वय 50 च्या पुढे, वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांच्या आत आणि कलेत किमान 15 वर्षे, या मुख्य अटी. जिल्ह्यातून वर्षाला निवड मात्र 100 जणांचीच होते. हा आकडा वाढलाच पाहिजे.

घोडे अडते ते पंधरा वर्षांच्या पुराव्यावर. सुपारी फडमालकाच्या नावाने, मजुरी रोख. जन्मभर हलगी वाजवलेल्या माणसाकडे चिटोरेही नसते. तो पुरावा तुमच्याकडे आहे! यात्रेच्या जमाखर्चाच्या वहीत, देवळाच्या कपाटातल्या जुन्या पत्रिकांत, कुणाच्या घरी पडलेल्या व्हिडिओ कॅसेटमध्ये. तो शोधा. ज्या साली जो फड आला, त्याचे पत्र कमिटीच्या सहीशिक्क्यानिशी द्या. त्यात कोण काय वाजवत होते, कोण वगात काम करत होते, हे आठवणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. खोटे एक नावही घालू नका, त्याने खऱ्याचा हक्क जातो.

यंदापासून सुपारी देताना फडातल्या प्रत्येकाची नावनिशीवार यादी घ्या आणि तिची शिक्का मारलेली प्रत ज्याच्या त्याच्या हाती द्या. तरुण कलाकारांना याचा उपयोग पुढे होईल. फ्रान्समध्ये बारा महिन्यांत 507 तास काम केलेल्या रंगकर्मीला रिकाम्या काळात बेकारी भत्ता मिळतो, कारण त्याचा तास न् तास कागदावर असतो. आपल्याकडे पन्नाशीच्या आतल्यांसाठी असा आधार नाही. पावसाळ्यातल्या चार महिन्यांसाठी निर्वाह भत्ता द्यावा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. तोवर 16 ते 59 वयाच्या कलाकारांची ई-श्रम नोंदणी तरी करून द्या. ती मोफत आहे.

मानधनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. गावात थकलेला कलाकार असेल, तर शिकलेल्या एका मुलाला किंवा मुलीला याच आठवड्यात त्याच्या घरी पाठवा, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीतही सोबत जायला सांगा.