संगणकातलं गाणं, घरातले स्पीकर
संगणकात जपलेला ख्याल घरातल्या स्पीकरवर नीट ऐकायचा, तर आधी मधली वाट स्वच्छ करायला हवी. संगणकाच्या आत विद्युत गोंगाट असतो; हेडफोनच्या जॅकमधून वायर काढली, की तो बरेचदा सुरांत मिसळतो. म्हणून फाइलमधल्या आकड्यांचं ध्वनिसंकेतात रूपांतर संगणकाबाहेर व्हावं. त्यासाठी यूएसबीला जोडायचा छोटा डॅक मिळतो. तिथून अँप्लिफायर आणि पुढे स्पीकर. ब्लूटूथ सोयीचं खरं, पण ते आवाज दाबून पाठवतं: सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटचा, तर ब्लूटूथच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत साधारण ३२८. फाइल फ्लॅक या स्वरूपात ठेवावी. जागा बरीच वाचते आणि मूळ ध्वनीतलं काहीच गळत नाही. एमपीथ्रीचं फ्लॅक करून मात्र गेलेलं परत येत नाही. विंडोजवर प्लेअरमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ निवडला, की सिस्टीमचा मिक्सर वाटेतून दूर होतो. एवढा खटाटोप कशासाठी? तानपुऱ्याची जवारी सूक्ष्म स्वरांशांनी भरलेली असते; गायकाचा षड्ज त्यांच्यावरच उभा राहतो. ते ऐकू येणं ही चैन नव्हे, गाणं समजण्याची अट आहे. तेव्हा महागड्या वायरींवर पैसे घालवू नका. चांगले स्पीकर घ्या, ते भिंतीपासून थोडे पुढे, कानाच्या उंचीवर मांडा आणि निवांत ऐका.