बार्बेडोसमधील वाट

बार्बेडोस बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब; तेथें वाट ती काय चुकणार, असें वाटतें. परंतु आंतील भागांत वाढलेला ऊंस अरुंद रस्त्याच्या दोहों बाजूंस भिंतीसारखा उभा राहतो. चौरस्त्यावर आडवी येणारी मोटार अगदीं शेवटच्या क्षणीं दिसते. कडेनें चालणाऱ्यांस पुष्कळ ठिकाणीं पाऊलवाटहि नसते. तेव्हां वेग आधीं आवरावा, नकाशा मागाहून पाहावा. वाहतूक आपल्याप्रमाणेंच डावीकडून चालते, हें एक सुख. भाड्याच्या मोटारीच्या पाटीवर आरंभींच ‘एच’ हें अक्षर असतें. पाहुण्याची ओळख तेंच करून देतें! दिशा हरपलीच, तर बसथांब्याची पाटी वाचावी. तीवर ‘शहराकडे’ किंवा ‘शहराबाहेर’ एवढेंच लिहिलेलें असतें. शहर म्हणजे ब्रिजटाऊन. दुसरें कोणतें, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.