वेबसाईट हलवा, पण टपाल बंद पाडू नका!

मंडळी, थोडं रागात लिहितोय. पण लिहायलाच हवं.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यांची परदेशी ऑर्डरींची कागदपत्रं बघतो. गणपती भाद्रपदात, पण बोटीने अमेरिकेला जाणाऱ्या मूर्ती न्हावाशेवाहून कितीतरी महिने आधी निघतात. आपल्याकडे शिमगा चालू असतो तेव्हा तिकडचे मेल येत असतात. साइज, रंग, पेमेंट, कंटेनरची तारीख.

यंदा नेमकं त्याच दिवसांत एका कारखानदाराची वेबसाईट नव्या होस्टिंगवर नेली. साईट झकास दिसायला लागली, मेल मात्र बंद! पाच दिवस कुणाला कळलंच नाही. साईट बंद पडली तर दिसते, न आलेला मेल कसा दिसणार? सहाव्या दिवशी न्यू जर्सीहून फोन आला, "मेल परत येतायत, कारखाना बंद केलात का?"

साईटवाल्याचं उत्तर ऐका: "सर्व्हर बदलला की मेल दोन-चार दिवस जातोच."

साफ खोटं! वेबसाईट आणि मेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेनच्या डीएनएसमध्ये दोघांच्या नोंदीही वेगळ्या असतात. 'ए' रेकॉर्ड सांगतो साईट कुठे आहे, 'एमएक्स' सांगतो टपाल कुठे टाकायचं. या भाऊंनी सरसकट नेमसर्व्हरच बदलले आणि जुना एमएक्स नव्या जागी भरलाच नाही. नवा सर्व्हर येणाऱ्या प्रत्येक मेलला म्हणाला, "असा पत्ता इथे नाही."

आता कुणी म्हणेल, चार-पाच हजारांत एवढंच होणार. अहो, जुन्या नोंदी उतरवून घ्यायला पंधरा मिनिटं लागतात! रोह्याला धाटाव एमआयडीसीतल्या कंपन्यांना माल पुरवणारे मित्र आहेत. परचेस ऑर्डर मेलवरच येते. ती चुकली तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला.

केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल एनआयसीच्या यंत्रणेवरून झोहोकडे नेले, हे २०२५ मध्ये आपण वाचलं. पत्ते मात्र तेच राहिले. का? डोमेन सरकारच्याच हातात होतं म्हणून. आपल्याकडे डोमेन साईटवाल्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्या मोबाईलमध्ये. दुकान आपलं, पाटी त्याची!

म्हणून एवढं करा:

१. डोमेन स्वतःच्या नावावर घ्या. त्या खात्याला त्याच डोमेनचा मेल देऊ नका. तो बंद पडला तर पासवर्डही परत मिळणार नाही.

२. हलवण्याआधी डीएनएसच्या सगळ्या नोंदींचे फोटो काढून ठेवा. एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम सगळं. एसपीएफ-डीकेआयएम राहिले तर तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात.

३. एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० सेकंदांवर आणा. चूक झाली तर लवकर मागे फिरता येतं.

४. मेल वेगळ्या कंपनीकडे असेल तर फक्त ए रेकॉर्ड बदला. पण एमएक्स डोमेनच्याच नावाकडे बोट दाखवत असेल तर साईटबरोबर मेलही हलतो, ते आधी तपासा.

५. मेल जुन्याच होस्टिंगवर असेल तर आधी नव्या जागी सगळ्यांचे मेलबॉक्स तयार करा, जुने मेल कॉपी करा. जुनं खातं महिनाभर तरी चालू ठेवा. पाच-सहाशे रुपये वाचवायला दहा वर्षांचा पत्रव्यवहार घालवू नका.

६. झाल्यावर बाहेरच्या जीमेलवरून मेल पाठवा, उत्तरही द्या. साईटवरचा चौकशीचा फॉर्मही भरून बघा.

आणि हे सगळं सीझनमध्ये नको. बोटी गेल्या की करा.

आपला कारखानदार शाडूच्या मूर्तीला बारीकसा तडा दिसला तरी ती गिऱ्हाईकाला देत नाही. मग साईटवाल्याचं असलं काम आपण का चालवून घ्यायचं? पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "दादा, माझा एमएक्स कुठे आहे?" तो गडबडला, तर काम दुसऱ्याला द्या.

पटलं तर आपल्या कारखानदार, दुकानदार मित्रांपर्यंत पोचवा.