माया ठेवून बेता



जोडधंदा म्हटला की आम्ही शेतीखात्याची माणसे शेळ्या, कोंबड्या आणि दूध यावरच थांबतो. बेंबळीच्या बैठकीत मीही तेच केले. बैठक उठल्यावर गावातले एक वयस्क शिंपीमामा जवळ आले. म्हणाले, "साहेब, समद्यांचं सांगितलं. आमच्या मशीनचं काय? पोरगं पुण्याला कंपनीत गेलं. माझ्यामागं ही कात्री कोण धरणार?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

संत नामदेवांच्या घराण्याचा हा व्यवसाय. पूर्वी शिंप्याला सुगीला धान्य मिळे. आता आठवडी बाजारात तयार कपडा मिळतो आणि तो स्वस्तही असतो. पण तो सर्वांना सारखा बेतलेला असतो. वाकून खुरपणारीचे आणि पाठीवर पंप घेणाऱ्याचे अंग निराळे. मुंढा आखूड पडला की सदरा काखेत उसवतो. तुमच्या शिंप्याला सांगा, मुंढा सैल ठेवा, काखेत दुहेरी शिवण घाला, खिशाला झाकण लावा, म्हणजे वाकताना पैसे पडत नाहीत. फवारणीसाठी पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा एक सदरा वेगळाच शिवून घ्या आणि तो घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. नुसत्या सदऱ्याने विष अडत नाही, हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. पण उघडे अंग त्याहून वाईट.

आता मशीन चालवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सुती कापड आटते, म्हणून बेतण्याआधी ते भिजवून वाळवा. पातळ कापडाला 11 नंबरची सुई, साध्या सुतीला 14 आणि जाड कापडाला 16 नंबरची वापरा. शटलखालचा कचरा रोज काढा आणि तेलाचे दोन थेंब सोडा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप तारखेसह वहीत लिहा. त्याच वहीत दोरा, बटणे, अस्तर आणि आपले तास मांडा. "सोयाबीन निघालं की देतो" हे वाक्य आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचे आहे. उधारी द्या, पण दोरा-बटणांचे पैसे तरी आधी घ्या. पावसाने ओढ दिली तर शेतकऱ्याबरोबर शिंपीही बुडतो.

केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात विनातारण 1 लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. अर्ज करण्यापूर्वी सध्याचे नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

पण योजनेने मशीन येते, हात येत नाही. तो घरातूनच द्यावा लागतो. मामांकडे चौकशी केली तेव्हा कळले, सून चार महिने काज-बटण आणि तुरपाई करते आहे. मग कात्री का देत नाही? "कापड लोकांचं. एकदा वाकडं कापलं की भरून द्यावं लागतं." भीती खरी होती. मी म्हटले, "मामा, आम्ही नवे बियाणे आधी एका वाफ्यात लावून बघतो. तिला आधी जुनी वर्तमानपत्रे कापू द्या. मग जुने धोतर. मग पिशवी, परकर, लेंगा. कॉलर शेवटी. गिऱ्हाइकाचे कापड त्याच्याही नंतर."

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. नातू अंगणात नवा सदरा घालून हिंडत होता. सुनेने बेतलेला. मामा म्हणाले, "बाही दोन बोटं आखूड झाली होती. पण पोरीनं आत माया ठेवली होती. उसवून सोडली, झालं."

बंधू-भगिनींनो, शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. शिकणाऱ्याला चुकायला तेवढी जागा ठेवा. कात्री आपण धडधाकट असतानाच त्याच्या हाती द्या, म्हणजे चूक दाखवायला आपण शेजारी असतो.