नभोवाणीवरील विनोदाची उपेक्षा

विनोद छापला गेला कीं वाङ्मय होतो आणि बोलला गेला कीं नुसती करमणूक ठरतो, हा आमच्या टीकाकारांचा जुना आग्रह आहे. मावळांतील परंदवडी येथें मित्रमंडळींत हा विषय निघाला असतां एका व्युत्पन्न गृहस्थांनीं तोच पक्ष मांडला. आकाशवाणीवर हंसविणाऱ्यांस वाङ्मयाच्या इतिहासांत जागा कशासाठीं, असा त्यांचा प्रश्न. त्याचें उत्तर देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' घ्या. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि प्रभाकरपंत हीं माणसें श्रोत्यांस कधीं दिसत नसत; तरी तीं घरोघर नात्याचीं झालीं. बाळ कुडतरकर, नीलम प्रभु आणि प्रभाकर जोशी यांनीं तीं केवळ कंठांतून उभीं केलीं. रंगभूमीवरील नटास चेहरा, वेष आणि हातवारे यांचें साह्य असतें. समोरचा प्रेक्षक हंसला कीं पुढील वाक्य केव्हां टाकावें हेंही त्यास कळतें. ध्वनिक्षेपकापुढील नटास यांपैकीं कांहींच नाहीं. शब्दाचा हेल आणि क्षणाचा विराम एवढ्यावर त्यास भागवावें लागतें. शिवाय ऐकणार आजीपासून शाळकरी नातवापर्यंत सारें कुटुंब. तेव्हां ग्राम्यतेचा सोपा आधारही त्यास बंद. हें ज्यास साधलें त्यास भाषेचें मर्म कळलें नाहीं असें कोण म्हणेल?

'पण पु. ल. देशपांडे यांचा गौरव झालाच कीं!' असें आक्षेपक म्हणतील. झाला, आणि योग्यच झाला. परंतु साहित्य अकादमीनें १९६५ सालीं पुरस्कार दिला तो 'व्यक्ति आणि वल्ली' या ग्रंथास. तेच पु. ल. आकाशवाणीच्याही सेवेंत होते. कानासाठीं लिहिण्याचा तो अनुभव त्यांच्या गद्याच्या लयींत कितपत मुरला, हें तपासण्याचे कष्ट किती टीकाकार घेतात?

ग्रंथ कपाटांत राहतो. उच्चारलेला शब्द हवेंत विरतो. कुडतरकर २०१८ सालीं निवर्तले. ज्यांनीं तो आवाज ऐकला ती पिढीही आतां थकली आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे: उरलेल्या संहिता नटांच्या नांवांसह छापाव्या, ध्वनिमुद्रणें अभ्यासकांस खुलीं करावीं आणि मराठी विनोदाच्या इतिहासांत श्रुतिकेस स्वतंत्र प्रकरण द्यावें. तें न देणाऱ्या इतिहासकारानें आपल्या ग्रंथास 'छापील विनोदाचा इतिहास' म्हणावें. मराठी विनोदाचा इतिहास म्हणूं नये.